हळदीचं पाणी पाजून बर्ड फ्लू जात नसतो

परवा विट्याहून मावशीचा फोन. तिचं तीन हजार लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, शेड आहे, कर्ज काढून उभं केलेलं. म्हणाली, "ग्रुपवर आलंय तसं टाकीत हळद आन् ठेचलेला लसूण घातला रे, आता निपलातनं पाणीच येईना." हळदीचा गाळ पाइपात बसलेला, कोंबड्या दुपारच्या उन्हात कोरड्या निपलावर, म्हणजे पाणी प्यायच्या तोटीवर, चोची मारतायत. तो मेसेज आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय म्हणून लिहितोय.

मेसेज असा: बर्ड फ्लू कंपन्यांनी लॅबमध्ये बनवला, मायणी तलावावरचे पाहुणे पक्षी फटाके लावून हाकला, हळद-लसूण पाजा, चिकन खाल्लं की माणूस मरतो, आणि शेडात मर लागली तर जनावरांच्या डॉक्टरला कळवू नका, चालत्या कोंबड्या विकून मोकळे व्हा, मेलेल्या ओढ्याला टाका.

लॅबचं थोडक्यात, तसं काही नाही. बर्ड फ्लूचा हा H5N1 विषाणू 1996 ला चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसात सापडला, 1997 ला हाँगकाँगमध्ये 18 माणसांना झाला, 6 गेली. आपल्याकडं पहिल्यांदा 2006 च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरला.

पाहुणे पक्षी रोग आणतात हे अर्धं खरं, मान्य. 2021 च्या जानेवारीत हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले ते यानंच. पण फटाक्यानं उठलेला थवा जातो कुठं, पुढच्या तळ्यावरच ना? आणि शेडात शिरायला विषाणूला विष्ठा लागलेली चप्पल, न धुतलेला क्रेट, दुसऱ्याच्या शेडातनं फिरून आलेला अंड्याचा ट्रे एवढं पुरतं.

चिकनचं म्हणाल तर 70 डिग्रीला विषाणू मरतो, आपलं कालवण त्याच्या कितीतरी वर उकळतं. धोका आजारी कोंबडी हाताळणाऱ्याला, सोलणाऱ्याला.

आता "कळवू नका". हे ज्यानं लिहिलं त्यानं कधी शेड बघितलंय का? तुरा निळा पडला, तोंड सुजलं, अंडी घटली, पटापट मरायला लागल्या, तर ती राणीखेत (कोंबड्यांचा दुसरा एक रोग) आहे का बर्ड फ्लू हे तीस वर्षं कोंबड्या पाळणाऱ्यालाही नुसतं बघून सांगता येत नाही, नमुना भोपाळच्या लॅबला जाऊन रिपोर्ट आला की मगच कळतं. तोवर तुम्ही विकलेल्या कोंबड्या चार बाजारात पोचलेल्या असतात आणि ओढ्याला टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या कुत्र्यांनी ओढून कावळ्यांनी टोचलेल्या असतात. कावळ्यालाही हा रोग होतो, 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळेच मेले होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या जिवंत कोंबड्यांची, रोगानं आधीच मेलेल्यांची नाही, म्हणजे लपवून चार दिवस घालवले तर तेवढं तुमचंच गेलं.

रोग निघालेल्या शेडापासनं एक किलोमीटरच्या आतल्या धडधाकट कोंबड्याही मारतात, हे खरंय. भरपाईत भागत नाही हेही खरंय, नवं पिल्लू अंड्यावर यायला साडेचार महिने जातात, तोवर हप्ता कुठनं भरायचा? मावशीची भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. पण त्यासाठी भरपाई वाढवून मागायची, शेजारच्या शेडात रोग नाही ढकलायचा.

काल सकाळी तिच्याकडं पाच मेलेल्या निघाल्या. दुपारपर्यंत डॉक्टर येऊन नमुने घेऊन गेलेत. पाइप धुऊन पाणी सुरू केलंय, गाडीवाल्याला रस्त्यावरच थांबवलंय, ट्रे कुणाला द्यायचे नाहीत म्हणून तिनं शेडाला कुलूप घातलंय. रिपोर्ट यायचाय.