मॅनेजरला नारळ कसा द्यावा

समजा तुम्हाला लॉटरी लागली आणि त्या पैशात तुम्ही इंग्लंडातला एक फुटबॉल क्लब घेतलात. आधी अभिनंदन. आता टीम हरायला लागली, स्टेडियममध्ये लोक बोंब मारायला लागले, आणि तुम्हाला रात्री झोप लागेना की मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, ठेवू का काढू. हा प्रश्न घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात हे बरं केलंत, कारण मी 2013 पासून मँचेस्टर युनायटेड बघतोय आणि या एका विषयात माझा जेवढा अनुभव आहे तेवढा मला माझ्या नोकरीत पण नाही.

उत्तर सोपं आहे. काढा. पण कसा काढायचा त्याचं एक शास्त्र आहे, उगाच गबाळ्यासारखा काढायचा नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मुहूर्त. मे महिन्यात सीझन संपतो, हातात तीन महिने असतात, नवीन माणूस आरामात येऊन टीम बघू शकतो, तेव्हा चुकूनही काढायचं नाही. 2024 चं उदाहरण घ्या. एरिक टेन हाग, युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर. लीगमध्ये आठवा नंबर, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनचा तोवरचा युनायटेडचा सगळ्यात खालचा. पण 25 मे ला पठ्ठ्याने एफए कपच्या (लीगपेक्षा वेगळी, बाद फेरीची स्पर्धा) फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला 2-1 हरवलं, त्यामुळे मालकांची पंचाईत झाली. मग त्यांनी काय केलं? आधी बाजारात दुसरी स्थळं बघितली, ती काही जुळली नाहीत, मग टेन हाग इबिझाला सुट्टीवर होता तिथे जाऊन त्याला सांगितलं की बाबा तूच राहा. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय, मी बनवत नाहीये. वर कॉन्ट्रॅक्ट 2026 पर्यंत वाढवून दिलं, त्याच्या जुन्या आयाक्सच्या टीममधले डी लिख्ट आणि मझरावी आणून दिले, सगळा आहेर झाला, जेवणावळी उठल्या, आणि 28 ऑक्टोबरला, लीगच्या नऊ मॅचनंतर, चौदाव्या नंबरवर असताना त्याला नारळ दिला. त्याला आणि त्याच्या स्टाफला मिळून नुकसानभरपाई साधारण 1 कोटी 4 लाख पाउंड. मे मध्ये काढला असता तर एवढा खर्च करायची संधीच हुकली असती ना.

किंवा मग कप जिंकल्या जिंकल्या काढा, त्यालाही एक वेगळीच शान आहे. आमच्याच लुई व्हॅन खालने 2016 ला शनिवारी एफए कप जिंकला, सोमवारी घरी. लंडनच्या टॉटनहॅम क्लबला 2008 नंतर एक ट्रॉफी नव्हती, 21 मे 2025 ला त्यांच्या मॅनेजरने, अँज पोस्टेकोग्लूने, बिल्बाओमध्ये युरोपा लीग आणून दिली (कोणाला हरवून ते विचारू नका, आम्हा युनायटेडलाच), आणि 6 जून ला त्याला निरोप. लीगमध्ये सतरावे आले होते, 22 मॅच हरले होते, त्यामुळे अगदीच अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण पुढची गंमत बघा, सप्टेंबरमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला घेतलं आणि 39 दिवसांत काढलं. चेल्सीविरुद्धची मॅच 3-0 हरले, शिट्टी वाजली, आणि अठराएक मिनिटांत बातमी बाहेर. अठरा मिनिटं! आपल्याकडे मॅच संपल्यावर अठरा मिनिटांत पार्किंगमधून गाडी निघत नाही. आणि टेन हागला वाटलं असेल की मँचेस्टर सुटलं, गंगेत घोडं न्हालं, तर त्याला पुढच्या क्लबने, जर्मनीतल्या लेवरकुसेनने 2025 च्या सप्टेंबरला लीगच्या फक्त दोन मॅच झाल्यावर काढला. दोन. एवढ्यात तर नवीन ऑफिसमध्ये आयडी कार्ड येत नाही.

दुसरी गोष्ट, काढायच्या आधी जाहीर पाठिंबा द्यायचा. हा विधी चुकवू नका. आपल्याकडे 'मुख्यमंत्री बदलाचा प्रश्नच येत नाही' असं कोणी दिल्लीहून येऊन सांगितलं की बंगल्यावर खोकी बांधायला घेतात, तसंच. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये युनायटेडचे एक मालक सर जिम रॅटक्लिफ म्हणाले की टेन हागच्या जागी आणलेल्या रुबेन अमोरिमला स्वतःला सिद्ध करायला तीन वर्षं मिळायला हवीत. 5 जानेवारी 2026 ला अमोरिम गेला. आकडा तीनच होता, वर्षं का महिने एवढंच ऐकण्यात चुकलं असावं आपलं.

तिसरी आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, नवीन मॅनेजर असा निवडा की ज्याला तुमच्याकडे आहेत ते खेळाडू अजिबात चालणार नाहीत. बटाटेवड्याची गाडी आहे, बटाटे आणलेत, बेसन कालवलंय, कढई तापलीय, तेव्हा गाडीवर इडलीवाला उभा करायचा. अमोरिम लिस्बनमध्ये स्पोर्टिंगला तीन सेंटर-बॅक (मधले डिफेंडर) घेऊन मस्त खेळवत होता, लीग जिंकला होता, हुशार माणूस आहे यात वादच नाही. तो म्हणत होता सीझन संपल्यावर येतो. त्याला सांगितलं, आत्ता नाहीतर कधीच नाही. मग नोव्हेंबर 2024 मध्ये तो आला, आणि जी टीम चार डिफेंडर आणि दोन विंगर धरून जमवली होती तिला तो 3-4-3 (मागे तीनच डिफेंडर) शिकवायला लागला, आणि तेही चालू सीझनमध्ये, धड सरावाला वेळ नसताना. तो सीझन पंधराव्या नंबरवर संपला, 42 पॉइंट. आठवा नंबर म्हणून ज्याच्याबद्दल इबिझाला मीटिंगा झाल्या, त्याची किंमत तेव्हा कळली.

इथे एक रात्र सांगतोच. 27 ऑगस्ट 2025, गणेश चतुर्थी. घरी दीड दिवसाचा गणपती, दिवसभर पाहुणे, उकडीचे मोदक करून आईची कंबर धरलेली. रात्री साडेबाराला सगळे झोपले आणि मी हॉलमध्ये मखराच्या शेजारी चादर टाकून मोबाइलवर मॅच लावली, म्हटलं समईवर लक्ष पण राहील. लीग कप, समोर ग्रिम्सबी टाउन, चौथ्या डिव्हिजनची टीम, मासेमारीचं गाव, त्यांचे लोक स्टँडमध्ये फुगवलेले प्लास्टिकचे मासे नाचवतात. हाफटाइमला आम्ही 2-0 ने मागे. कॅमेरा अमोरिमवर गेला तर तो डगआउटमध्ये बसून एका छोट्या पांढऱ्या बोर्डावरची चुंबकं इकडून तिकडे सरकवत होता. बाहेर धो धो पाऊस, माणसं फुटबॉल खेळतायत, आणि हा चुंबकं सरकवतोय, एक डावीकडे, परत उजवीकडे, लहान मुलं भातुकलीत वाट्या मांडतात तशी. 89 व्या मिनिटाला मॅग्वायरने 2-2 केलं, मग पेनल्टी, आणि त्या संपेचनात. अकरा अकरा झाल्या, गोलकीपरने पण मारून झाल्या, शेवटी आमच्या एम्बेउमोची बारला लागली. 12-11. अमोरिम तेव्हा बघत पण नव्हता, आत मान घालून बसला होता. आजी पाण्याला उठली होती, माझ्याकडे बघून म्हणाली, काय रे, कोण गेलं? म्हटलं कोणी नाही गं, झोप तू.

त्या रात्री मला खरंच वाटलं की आता हा जातोय. नाही काढला! कारण तेव्हा काढणं शहाणपणाचं झालं असतं. जानेवारीत काढला, टीम सहाव्या नंबरवर असताना, लीड्सला 1-1 बरोबरी झाल्यावर. याला म्हणतात टायमिंग.

आता तुम्ही विचाराल की एवढे मॅनेजर बदलले, मॉयस झाला (सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, दहा महिन्यांत घरी), व्हॅन खाल झाला, मोरिन्यो, सोल्शायर, मध्ये रांगनिक, टेन हाग, अमोरिम, तर या सगळ्यांना निवडलं कोणी? मालक, हा प्रश्न अत्यंत धोकादायक आहे. हा विचारायला लागलात तर तुमच्याच केबिनच्या दारावर येऊन पोचाल. भाकरी का करपली, तर न फिरवल्यामुळे, हे कोडं आपण लहानपणापासून ऐकतो आणि राजकारणात पण तेच वापरतो, पण पीठ कुठलं होतं आणि तवा कोणी आणला हे त्या कोड्यात कोणी विचारत नाही, म्हणूनच ते एवढं लोकप्रिय आहे. 2005 साली ग्लेझर मंडळींनी क्लब घेतला तो कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. 2022 ला अँटनी नावाचा विंगर 8 कोटी पाउंडांच्या वर मोजून आणला. ओल्ड ट्रॅफर्डचं, म्हणजे आमच्या स्टेडियमचं, छप्पर मे 2024 मध्ये आर्सेनलच्या मॅचला असं गळलं की स्टँडच्या कोपऱ्यात धबधबा सुरू झाला, लोक व्हिडिओ काढत होते, आपल्याकडे भुशी डॅमवर काढतात तसे. रॅटक्लिफांनी स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन ॲशवर्थला आणला, त्याच्यासाठी न्यूकॅसलशी महिनोन् महिने घासाघीस केली, आणि पाच महिन्यांत त्यालाही नारळ. मग पैसे वाचवायचे म्हणून 250 च्या आसपास कर्मचारी कमी केले, नंतर अजून दीडशे-दोनशे कमी करायचं ठरवलं, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर स्टाफला फुकट जेवण मिळायचं ते बंद करून त्याच्या जागी फळं. म्हणजे मॅनेजर बदलला की कोटीच्या वर पाउंड जाणार, आणि ते भरून काढायला तिकीट खिडकीवरच्या बाईने दुपारी केळं खायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, फक्त इथे संन्यासी दोन आहेत आणि त्यातला एक भरपाई घेऊन जातो.

आणि हो, कोणी शहाणा तुम्हाला सांगायला येईल की हॉलंडमध्ये एका अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या लीगच्या बऱ्याच वर्षांच्या मॅचेस तपासल्या आणि निघालं असं की ज्यांनी मॅनेजर काढला ते सावरले आणि तशाच गाळात असून ज्यांनी नाही काढला ते पण जवळजवळ तसेच सावरले. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. व्हायरलचा ताप चौथ्या दिवशी उतरणारच असतो, तुम्ही तिसऱ्या दिवशी अंगारा लावलात की श्रेय अंगाऱ्याला, हा व्यवहार शतकानुशतकं चाललाय, तो एका डच माणसासाठी मोडायचा का? सोल्शायरचा अंगारा आठवा. डिसेंबर 2018 ला हंगामी म्हणून आला, पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, मार्चमध्ये पॅरिसला जाऊन 3-1 जिंकलो, आम्ही सगळे वेडे झालो, त्याच महिन्यात त्याला पर्मनंट केला, आणि नंतर 2021 च्या नोव्हेंबरला वॉटफर्डकडून 4-1 खाऊन बिचारा डोळे पुसत गेला.

आमचा सगळ्यात मोठा मॅनेजर फर्ग्युसन, त्याची गोष्ट तर घरात काढूच देऊ नका. 1986 ला आला, 1989 च्या डिसेंबरात स्टेडियममध्ये बॅनर लागला की तीन वर्षं नुसती कारणं ऐकतोय, आता निघ. त्या सीझनला टीम तेरावी आली. जानेवारीत फॉरेस्टला एफए कपमध्ये हरले असते तर काढणार होते असं सगळे म्हणतात, मार्क रॉबिन्सने गोल केला, ते वाचले, पुढे तोच कप जिंकले, आणि 2013 ला निवृत्त झाले तेव्हा कपाटात 38 ट्रॉफ्या. आर्सेनलचा मॅनेजर आर्टेटा, त्याचं पण तेच, दोनदा आठवा नंबर, 2021 ला पहिल्या तीन मॅच हरून तळाला, गोल शून्य, खाल्ले नऊ. आर्सेनलने दात ओठ खाऊन ठेवला आणि मग लागोपाठ तीन वर्षं दुसरा नंबर. (दुसरा नंबर म्हणून आम्ही त्यांना हसलो. आम्ही पंधरावे होतो तेव्हा.)

खरं सांगायचं तर ही फर्ग्युसनची गोष्ट पण लोक फार स्वस्तात वापरतात. प्रत्येक हरणारा मॅनेजर फर्ग्युसन नसतो, मॉयसला सहाच्या सहा वर्षं दिली असती तर आमचं काय झालं असतं या विचारानेच मला घाम फुटतो. धीर धरणं म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं नाही, आपण हा माणूस का घेतला होता ते आधी माहीत असायला लागतं. पण ते माहीत असलेला मालक माझा सल्ला विचारायला कशाला येईल, जाऊ दे.

5 जानेवारीला दुपारी साडेतीनच्या सुमारास ऑफिसात मोबाइल थरथरला. आमच्या ग्रुपवर, ज्याचं नाव मॉयसच्या वेळेपासून 'पुढच्या वर्षी नक्की' असंच आहे, दोन मिनिटांत ऐंशी मेसेज. ज्याने ग्रिम्सबीच्या रात्री 'आत्ताच्या आत्ता हाकला' लिहिलं होतं तोच म्हणत होता की चौदा महिन्यांत काय होतं, टाइमच नाही दिला. वर चढून बघितलं तर तो मीच होतो. आठवड्याभराने सीझनपुरता मायकल कॅरिक आला, आपलाच जुना खेळाडू, शांत माणूस. कोणीतरी लिहिलं, याला तरी वेळ द्या रे. मी लगेच अंगठा दाखवला, आणि उन्हाळ्यात कोणकोण मोकळं आहे ते गूगल करायला घेतलं.