तिनारीवेन गद्दाफीच्या छावणीत जन्मला? छे!

एक पोस्ट सध्या जो तो फॉरवर्ड करतोय. थोडक्यात असं की लिबियाच्या हुकूमशहा गद्दाफीच्या लष्करी छावणीत तुआरेग (सहारातली भटकी जमात) पोरांना अमेरिकन ब्लूज, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं संगीत, ऐकायला मिळालं, त्यांनी बंदुका फेकून गिटार उचलली, तिनारीवेन बँड तयार झाला आणि बंड मिटलं. स्टोरी झकास आहे, पण खरी नाही.

छावणीचं आधी बघू. बँडचा संस्थापक इब्राहिम अग अलहबीब हा उत्तर मालीतल्या तेसालितचा, १९६३ च्या तुआरेग उठावात मालीच्या सैन्याने त्याच्या बापाला मारलं तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा, मग घरचे अल्जेरियात पळाले. पुढे एका पिक्चरमध्ये काउबॉयला गिटार वाजवताना बघितलं आणि पोराने पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून स्वतःच गिटार बनवली. अल्जेरियातल्या तामनरासेतमध्ये हे बेकार, निर्वासित पोरगे १९७० च्या दशकाच्या शेवटी लग्नाकार्यात एकत्र वाजवत होते, गद्दाफीचं बोलावणं आलं १९८० ला. छावणीत नवे साथीदार भेटले हे मान्य. कोरी कॅसेट आणून द्या, गाणी फुकट भरून देतो, असा त्यांचा कारभार होता आणि त्या कॅसेटी हातोहात अख्ख्या सहारात फिरल्या.

अमेरिकन ब्लूजचं म्हणाल तर बँडवाले स्वतः सांगतात की २००१ च्या सुमारास आफ्रिकेबाहेर जायला लागलो तेव्हा ते पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे बाहेरचं काहीच कानावर नव्हतं असं पण नाही हां, हेंड्रिक्स, सांताना हे गिटारवाले, अल्जेरियाचं राई संगीत हे सगळं ऐकलेलं होतं. पण ठेका घरचा, आणि घरचा म्हणजे बायकांचा! लाकडी उखळावर बकरीचं कातडं ताणून तेंदे हा ढोल बनवतात, बायका बसून त्यावर ताल धरतात, बाकीच्या टाळ्या देतात. इम्झाद हे एका तारेचं वाद्य पण बायकाच वाजवतात. पोस्टमध्ये यातलं अक्षर नाही. नायजरच्या 'ले फिय द इलिगदाद' या बँडमध्ये फातू सैदी घाली तेंदेच्या जोडीला स्वतः गिटार वाजवते, ते एकदा ऐकाच.

बंदुका फेकून गिटार? मालीतल्या १९९० च्या तुआरेग बंडात बँडमधले काहीजण प्रत्यक्ष लढले, पूर्णवेळ गाण्याकडे वळले ते सरकारशी समझोता झाल्यानंतर. शांततेची खूण म्हणून मालीतल्या टिंबक्टूत सुमारे ३,००० हत्यारं जाळली ती तर १९९६ ला.

आणि बंड मिटलं म्हणे. नायजरमध्ये २००७ च्या तुआरेग बंडाच्या वेळी बोंबिनो या तुआरेग गिटारवाल्याचे दोन साथीदार मारले गेले, तो बुर्किना फासोला पळाला. मालीत २०१२ ला परत पेटलं. १९९० च्या बंडाचा म्होरक्या होता इयाद अग घाली, त्याच्याच अन्सार दीन या कट्टर इस्लामी सशस्त्र गटाने यावेळी उत्तरेत गाण्याबजावण्यावर बंदी आणली आणि तिनारीवेनचा अब्दल्ला अग लमीदा गिटारी वाचवायला गेला तर त्यालाच धरून नेलं, नंतर सोडलं. हे 'मिटलं'मध्ये कुठे बसतं ते पोस्टवाल्यानेच सांगावं.