‘थांबा, स्वस्त होईल’ या सल्ल्याचा प्रतिवाद

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की एक संदेश गोव्यातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागतो, आणि फोंड्यात आमच्या नात्यागोत्यातल्या कुणालाही कॉम्प्युटरचा भाग घ्यायचा असला की विचारणा माझ्याकडे होत असल्यामुळे तो निरनिराळ्या हातांनी माझ्यापर्यंतही येतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : गेमिंग कॉम्प्युटरच्या भागांच्या किमती नेहमी उतरतच जातात, म्हणून आज घेणारा फसतो, नवी पिढी बाजारात आली की आधीची निम्म्या दरात मिळते, म्हणून तिची वाट पाहावी, खरेदी दिवाळीच्या सेलमध्येच करावी, आणि करायची तर सगळे भाग एकदम बदलावेत, कारण एकच बदलला तर बाकीचे त्याला मागे खेचतात. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यात थोडे तथ्यही आहे. तरीही त्यावर विसंबून मुलांनी पैसे आणि वर्षे दोन्ही घालवलेली मी पाहिली आहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की खरेदीची वेळ आपले यंत्र कुठे अडते आहे यावरून ठरते, आणि ते कळल्यावर मग त्या एका भागाचा बाजार पाहायचा असतो.

किमती नेहमी उतरतात, हे विधान एसएसडीच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान साठवणुकीच्या, बाबतीत २०२२ आणि २०२३ च्या पूर्वार्धात खरे ठरले होते, त्यामुळे ते अनेकांच्या मनात घट्ट बसले आहे. परंतु प्रत्येक भागाची किंमत वेगळ्या कारणाने हलते आणि ती कारणे एका दिशेने चालत नाहीत. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमधल्या पुरात हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत जगभर हार्ड डिस्कच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. २०१६ च्या मध्यापासून पुढे दीडेक वर्ष डीडीआर४ प्रकारची रॅम, म्हणजे यंत्राची चालू कामाची मेमरी, महागच होत गेली. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया या कंपनीने आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड (खेळाचे चित्र तयार करणारा भाग) ६९९ डॉलरला जाहीर केले; पण टाळेबंदीतली मागणी, चिपांचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग करणाऱ्यांची, म्हणजे कार्डांवर गणिते चालवून ते चलन मिळवणाऱ्यांची, खरेदी हे सारे एकाच वेळी आल्यामुळे २०२१ मध्ये ते दुप्पट किंमत मोजूनही सहज हाती लागत नव्हते. दर खाली आले ते २०२२ मध्ये मायनिंगचा नफा आटू लागल्यावर, आणि त्या वर्षी १५ सप्टेंबरला इथेरियमने कार्डांवरचे मायनिंगच संपवले. थांबणाऱ्याला तेव्हा फळ मिळाले हे मान्य आहे. पण ते मिळायला दोन वर्षे लागली, आणि बारावीत असताना थांबलेला मुलगा तोवर महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला पोचला होता.

सर्वांत ताजा अनुभव रॅमचा आहे आणि तो या संदेशाच्या थेट विरोधात जातो. जगातली बहुतेक डीरॅम मेमरी, म्हणजे रॅममधल्या चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी जास्त नफ्याची असल्यामुळे त्यांनी उत्पादनक्षमता तिकडे वळवली आणि घरगुती कॉम्प्युटरसाठी उरणारा माल घटला. २०२५ साली २७ ऑगस्टला चवथ होती आणि २० ऑक्टोबरच्या पहाटे दिवाळीचे नरकासुर जाळले गेले. चवथीला ‘आता दिवाळीलाच घेऊ’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत या दरम्यान रॅम चढू लागली आणि वर्षअखेरीपर्यंत डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या अनेक जोड्या दुपटी-तिपटीवर गेल्या. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. ज्याचे काम आठ जीबीत भागत नव्हते आणि ज्याच्याकडे ऑगस्टमध्ये पैसे होते, त्याला या संदेशाने सरळ नुकसानीत घातले.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, जो परदेशातून उचललेल्या सल्ल्यांत येतच नाही. या भागांच्या किमती डॉलरमध्ये ठरतात. २०२० च्या जानेवारीत डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या डिसेंबरात त्याने ९० रुपये ओलांडले. म्हणजे ३०० डॉलरचे कार्ड डॉलरमध्ये एका पैनेही महागले नाही असे धरले, तरी करापूर्वीचा आकडा २१,३०० रुपयांवरून २७,००० रुपयांवर गेला. तिकडे किंमत दहा टक्क्यांनी उतरली म्हणून आनंदाने थांबलेल्या माणसाची ती सवलत रुपयाच्या घसरणीने इथे पोचण्याआधीच खाऊन टाकलेली असू शकते.

नवी पिढी आली की जुनी निम्म्या दरात मिळते, हा दुसरा मुद्दा तर मला पहिल्याहूनही फसवा वाटतो, कारण तो हिशेबासारखा दिसतो. १ सप्टेंबर २०२० ला आरटीएक्स ३०७० हे ४९९ डॉलरचे कार्ड आधीच्या हजार डॉलरवरच्या आरटीएक्स २०८० टीआयच्या तोडीचे असेल असे जाहीर झाले, तेव्हा अनेकांनी आपली २०८० टीआय घाईघाईने निम्म्याहून कमी किमतीत विकली. नियमाप्रमाणे ते बरोबरच वागले होते. पण नवी कार्डे बाजारात मिळेनात, जुन्यांचे दर पुन्हा चढले आणि विकणारे बिनाकार्डाचे बसून राहिले.

प्रोसेसरचे उदाहरण अधिक बोलके आहे. एएमडी या कंपनीचा रायझन ७ ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये ४४९ डॉलरला आला आणि पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत बराच उतरला. त्याचा उत्तराधिकारी ९८००एक्स३डी ७ नोव्हेंबर २०२४ ला आला. संदेशातल्या नियमाप्रमाणे तेव्हा जुना आणखी स्वस्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात त्या शरदात त्याचा साठा संपत आला आणि दर मूळ किमतीच्याही वर गेला. यात नवल काही नाही. नव्या पिढीसाठी कंपनी जुन्याचे उत्पादन आधीच थांबवते, दुकानांत असतो तो उरलेला माल, आणि चांगल्या मालाचा तो उरलेला साठा लवकर संपतो. सवलतीत शेवटपर्यंत शेल्फवर राहतात ते बहुधा कुणाला नको असलेले भाग. जुन्या पिढीतली उत्तम वस्तू स्वस्तात घेण्याची वेळ असते ती नवीच्या आगमनाआधीचे काही महिने.

शिवाय नवी पिढी म्हणजे त्याच पैशात सर्व बाजूंनी अधिक, असेही नाही. आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये ३२९ डॉलरला आले, त्यावर १२ जीबी मेमरी होती. जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आलेल्या ४०६० वर ८ जीबी होती आणि मे २०२५ मध्ये त्याच किमतीला आलेल्या ५०६० वरही ८ जीबीच आहे. वेग वाढला, वीज कमी लागू लागली, हे खरे. परंतु मोठी टेक्श्चर्स (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रे) मागणाऱ्या खेळांसाठी जास्त मेमरीची वाट पाहत थांबलेल्या मुलाला चार वर्षांनी या वर्गातल्या साध्या कार्डात ती कमीच मिळाली.

सेलविषयी फार लांबण लावण्याची गरज नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर उतरले म्हणून सगळे भाग स्वस्त झाले, असे त्या दिवाळीच्या संदेशात जोडले गेले होते. २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि प्रोसेसर आधीही १८ टक्क्यांत होते आणि नंतरही तिथेच राहिले. माझा स्वतःचा अनुभव मात्र सांगितला पाहिजे. एका दिवाळीच्या सेलमध्ये मी ऑनलाइन मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, मागवला. प्रोसेसर पुढच्या पगारात घ्यायचा म्हणून खोका न उघडता कपाटात ठेवला. पाच आठवड्यांनी प्रोसेसर हाती आल्यावर तो जिथे बसतो त्या सॉकेटवरचे काळे झाकण काढले, तर त्या बारीक सोनेरी पिनांच्या रांगेत कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झालेल्या भिंगातून दिसल्या. परतीची दहा दिवसांची मुदत केव्हाच संपली होती आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, असे विक्रेत्याने कळवले. सेलमध्ये वाचवलेल्या बाराशे रुपयांसाठी सबंध बोर्ड गेला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बंगळूरचा एस. पी. रोड हे कॉम्प्युटरच्या भागांचे बाजार आपल्याला लांब आहेत. इथे कुरियरने आलेला सदोष माल परत पाठवणे हेच एक काम होऊन बसते. म्हणून मी आता म्हापसा, पणजी, मडगाव किंवा फोंड्यातल्या दुकानात थोडे जास्त देऊन, भाग तिथेच जोडून, पडद्यावर चित्र आलेले पाहून घेतो. सेलमध्ये घ्यायच्याच असतील तर कॅबिनेट, मॉनिटर, एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) अशा वस्तू घ्याव्यात, ज्या आल्या दिवशी जोडून तपासता येतात आणि ज्या दर वर्षी जुन्या ठरत नाहीत.

सगळे भाग एकदम बदला, हा शेवटचा मुद्दा मुलांना सर्वांत खर्चात घालतो. एखादा भाग बाकीच्यांना अडवतो ही कल्पना चूक नाही. प्रत्येक यंत्रात कुठला तरी भाग अडवतच असतो. चूक होते ती कुठला हे न पाहण्यात. माझा भाचा फर्मागुढीला इंजिनीअरिंग शिकतो. २०२४ च्या मे महिन्यात तो म्हणाला, “मामा, खेळ सारखा अडकतो. सगळे म्हणतात एनव्हिडियाची ५० सिरीज येईपर्यंत थांब आणि मग सगळंच बदल.” त्याच्याकडे रायझन ५ ३६०० आणि जीटीएक्स १६६० सुपर होते. रविवारी दुपारी आम्ही कॅबिनेट सोप्यावर वर्तमानपत्र अंथरून उघडले. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा लोकरीसारखा करडा थर बसला होता आणि खालची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून पापुद्रे सुटले होते. ते साफ करून नवी पेस्ट लावल्यावर खेळतानाचे तापमान नव्वदीवरून सत्तरीत आले. तरीही अडकणे पूर्ण थांबले नाही. मग खेळ चालू असताना प्रत्येक भाग किती राबतो त्याचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावून पाहिले : ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांच्या पुढे जात नव्हते आणि आठ जीबी रॅम काठोकाठ भरली होती. रॅमची एकच पट्टी बसवलेली होती, शेजारचा खाचा रिकामा. तशीच आठ जीबीची दुसरी पट्टी फोंड्यातच सतराशे रुपयांना मिळाली. ती बसल्यावर मेमरी दुप्पट झालीच, शिवाय दोन मार्गांनी चालू लागली, आणि कार्ड नव्वदीपार जाऊन काम करू लागले. तो त्याच यंत्रावर पुढे प्रोजेक्टचे कामही करत राहिला.

हीच तपासणी कुणालाही करता येते. कार्ड ९५ ते ९९ टक्के राबत असेल आणि फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रे, कमी पडत असतील, तर कार्ड अडवते आहे. ते अर्धवट राबत असेल, तर खेळाच्या चित्राचा दर्जा सर्वांत खाली आणून पाहावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. संदेश एका ठिकाणी बरोबर आहे, हेही नोंदवतो : एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचे तर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम हे तिन्ही बरोबरच घ्यावे लागतात, आणि रॅम चढलेली असताना ती उडी पुढे ढकलणे योग्य आहे. पण जुन्या एएम४ बोर्डाचे काय होऊ शकते ते त्याच वेळी पाहावे. २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवता आला. ज्यांनी तो मिळत होता तेव्हा घेतला, त्यांनी बोर्ड आणि रॅमचा खर्च काही वर्षे टाळला. उत्पादन थांबल्यावर तो शोधत फिरणाऱ्यांना उरलेला माल चढ्या दराने घ्यावा लागला.

थांबणे नेहमीच चुकीचे असते, असे मी म्हणत नाही. नव्या कार्डाच्या विक्रीची तारीख जाहीर झालेली असेल आणि ती काही आठवड्यांवर असेल, तर थांबावे. विक्री सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन महिनेही दर फुगलेले असतात, तेवढे जाऊ द्यावेत, जसे २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका आणि एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी यांच्या बाबतीत झाले. त्यापुढे ‘पुढची पिढी येईल’ हे कारण पुरत नाही, कारण एनव्हिडियाच्या पिढ्या २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ अशा दोन-सव्वादोन वर्षांच्या अंतराने आल्या आहेत आणि कुठलीही तारीख घेतली तरी ती कुठल्या तरी पिढीच्या आधीचीच असते.

भाच्याने त्यानंतर एकच भाग बदलला, तो म्हणजे एसएमपीएस. मे महिन्यातल्या गडगडाटात आमच्या वाड्यावर वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते-येते आणि त्याचा जुना एसएमपीएस नाव नसलेला होता. तो गेला असता तर बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन गेला असता. ग्राफिक्स कार्ड अजून तेच आहे. तो रोज खेळतो तो खेळ त्यावर ७५ फ्रेमांनी चालतो आणि त्याचा मॉनिटर, सेकंदाला तेवढीच चित्रे दाखवणारा, ७५ हर्ट्‌झचाच आहे.