कडधान्य पेरलं म्हणून खुरपणी सुटत नाही

“ज्वारी-बाजरीत कडधान्याचं आंतरपीक घ्या, तण उगवणारच नाही. खुरपणी बंद, तणनाशक बंद, युरिया बंद.” पेरणीचे दिवस आले की हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. आंतरपीक चांगलंच आहे, पण बाकी दाव्यांना अटी आहेत आणि त्या मजकुरात कुठेच नाहीत.

पहिला दावा, तण उगवणारच नाही. उगवणार. तणाचं बी जमिनीत आधीच पडलेलं असतं आणि पहिल्या पावसाला ते पिकाच्या बरोबरीनं वर येतं. आंतरपीक करतं काय, तर पानांनी जमीन झाकून तणाचा उजेड अडवतं. म्हणून कडधान्य कोणतं, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे रुळलेली जोडी तुरीची. पण तूर पहिले दीड-दोन महिने रांगतच असते, आणि ज्वारीला तणाचा खरा फटका बसतो तो पेरणीनंतरच्या महिना-सव्वा महिन्यात! त्या काळात तुरीलाच राखावं लागतं. चवळी, मूग, उडीद मात्र चार-पाच आठवड्यांत जमीन झाकतात. तण दाबायचं असेल तर निवड यांतून करा. चवळी उभट वाढणारीच घ्या. वेलाळ चवळी ज्वारीवर चढते आणि काढणीला वैताग आणते. लव्हाळा, हरळी यांच्या बाबतीत फार आशा नको. सावलीत ती मंदावतात, पण जमिनीतल्या गाठी आणि खोडं जिवंत राहतात.

खुरपणीचं म्हणाल तर पुढची एखादी वाचू शकते, पहिली नाही. बी मिसळून फोकलं तर उलट कामच वाढतं, कारण कोळपं चालायला सरळ ओळी लागतात. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक, असं पाभरीनं पेरलं की निदान कोळपणी होते.

तणनाशक बंद होतं हे बरंचसं खरं, पण नाइलाजानं. ज्वारी-मक्यात चालणारं ॲट्राझिन किंवा टू-फोर-डी कडधान्याला जाळतं. सोयाबीनमधलं इमॅझेथापायर ज्वारीला मारक. दोन्ही पिकांना चालेल असं औषध शोधणं अवघड. मजकूर ज्याला फायदा म्हणतो ती खरी अडचण आहे, आणि मजूर मिळत नसतील तर ती मोठी अडचण आहे.

एका तणाच्या बाबतीत मात्र या मजकुरात तथ्य आहे: टारफुला. तो ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगतो. केनियात इसिपे या कीटक-संशोधन संस्थेनं मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक लावण्याची पद्धत रुळवली. त्याच्या मुळांतल्या स्रावानं टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला मक्याचं मूळ धरता येत नाही. हा परिणाम त्या परोपजीवी तणापुरता आणि त्या पिकाचा. त्यावरून मूग पेरला की केना-माठ जातील, असं म्हणता येत नाही.

राहिला युरिया, म्हणजे नत्राचं खत. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र साठतं खरं, पण ते आधी कडधान्यच वापरतं. शेजारच्या ज्वारीला त्याच हंगामात त्यातलं थोडंच मिळतं. पाला आणि मुळं कुजल्यावर फायदा पुढच्या पिकाला होतो. यंदाच्या ज्वारीचा नत्राचा हप्ता एकदम बंद करू नका; माती परीक्षण करून, पुढच्या हंगामात किती कमी करायचा ते ठरवा.