सहा गुणांवर थांबा

नृत्यस्पर्धेत उतरताय? मग नाचाचं टेन्शन घेऊ नका. नाव कोणत्या गटात नोंदवता, सगळा खेळ तिथेच असतो. बॉलरूममध्ये, म्हणजे जोडीने नाचायच्या पाश्चात्त्य नाचांत, न्यूकमर, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, नोव्हिस, प्री-चॅम्प आणि चॅम्प अशी लांबलचक शिडी असते. भोळी माणसं ती चढत बसतात. तुम्ही दुसऱ्या पायरीवर उशी टाका आणि तिथेच राहा.

अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांत एक प्रचलित हिशेब आहे: पहिल्या जोडीला ३ गुण, दुसरीला २, तिसरीला १. असे ७ जमले की वरच्या गटात जायचं. म्हणजे तुमची लक्ष्मणरेषा ६. दोनदा पहिले या आणि मग गुडघा दुखवून घ्या. शिवाय खातं प्रत्येक नाचाचं वेगळं. वॉल्ट्झचा घडा भरला तरी टँगोचा रिकामाच असतो. बऱ्याच ठिकाणी ही नोंद स्पर्धकानेच ठेवायची असते. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या, पण आपण का तक्रार करावी?

वेस्ट कोस्ट स्विंग या दुसऱ्या जोडीनाचाकडे मात्र फिरकू नका. तिथे जॅक अँड जिल नावाच्या स्पर्धेत जोडीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखा नशिबाने मिळतो आणि गुणांची नोंद एका जागतिक वहीत होते. लीडर (नाच पुढे नेणारा) आणि फॉलोअर (त्याला साथ देणारा) म्हणून मिळवलेले गुणही वेगवेगळे मांडतात. असल्या काटेकोर लोकांत तुमचा जीव रमायचा नाही.

सिलॅबसची भीती बाळगू नका. ब्राँझमध्ये ठरावीक पावलंच चालतात, वर नजर ठेवायला माणूस असतो. त्याला नमस्कार करा आणि मुकाट नॅचरल टर्न, रिव्हर्स टर्न, व्हिस्क घ्या. बंदी पावलांवर आहे, दहा वर्षांच्या सरावावर नाही! चमचमत्या खड्यांना खालच्या गटात सहसा परवानगी नसते. उत्तमच. साध्या काळ्या कपड्यांत माणूस किती निरागस दिसतो.

फायनलला स्केटिंग सिस्टिम, म्हणजे परीक्षकांच्या बहुमताने नंबर ठरवायची पद्धत, लागते. पाच परीक्षकांपैकी तिघांनी पहिला नंबर दिला की तुम्ही पहिले, उरलेल्या दोघांनी तुम्हाला शेवटी टाकलं तरीही. त्या दोघांना बहुधा तुमचा चेहरा गेल्या तीन वर्षांपासून ओळखीचा असतो.

आता अभिनय. पाठीवरचा नंबर जरा तिरका लावा. चार सेफ्टी पिना सफाईने लावणारा नवशिका मी अजून पाहिलेला नाही. नाचाच्या बुटाच्या तळाचं सुएड (मऊ, लवदार चामडं) खरवडायचा तारेचा ब्रश पिशवीत अगदी खाली ठेवा, खऱ्या नवशिक्याला तो कशाशी खातात हेही ठाऊक नसतं. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा शेजारच्या ‘नवशिक्या’ने अतिशय प्रेमाने मला स्वतःचा ब्रश देऊ केला होता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

बक्षीस घेऊन परताल तेव्हा ओठांनी ‘एक-दोन-तीन’ पुटपुटत नाचलेला एक घामाघूम मुलगा तुमचं अभिनंदन करायला येईल. विचारेल, “कधीपासून शिकताय?”

“हल्लीच,” म्हणा. आणि तेवढ्यात पायाने पिशवी खुर्चीखाली सरकवा.