एकट्याने अभ्यास करणारी पोरं

निकालाच्या दिवसांत पेपरात दर वर्षी तोच फोटो येतो. पत्र्याचं घर, आई पोराला पेढा भरवतेय, आणि वर मथळा: कोणत्याही मदतीशिवाय मिळवले घवघवीत यश. १९९८ साली माझाही असा फोटो परभणीच्या एका दैनिकात आला होता. माझे वडील मोंढ्यात हमाली करायचे. ते कात्रण आईने देव्हाऱ्याच्या मागे जपून ठेवलं होतं.

गेली सतरा वर्षं मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. पोरं ज्याला ‘एम-वन’ म्हणतात आणि ज्याच्या नावाने झोप उडते, तो विषय. आता ‘कोणत्याही मदतीशिवाय’ हे शब्द वाचले की मला कौतुकाआधी काळजी वाटते. कारण ही पोरगी किंवा हा पोरगा दोन-तीन महिन्यांत कुठल्या तरी वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसणार आहे, आणि तिथेही कोणाचीच मदत मागणार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. किनवटकडचा एक मुलगा. युनिट टेस्टला ३० पैकी ४. बोलावलं तर खाली मान घालून उभा. मी कागदावर तीन समीकरणं लिहिली आणि मराठीत विचारलं, यातून उत्तर निघेल का रे? त्याने मिनिटभर पाहिलं आणि म्हणाला, “नाही निघणार मॅडम. तिसरी ओळ म्हणजे पहिल्या दोन्हींची बेरीजच आहे. ती नवीन काही सांगतच नाही.”

मॅट्रिक्स म्हणजे समीकरणांतले आकडे ओळींत मांडलेला तक्ता, आणि त्याची रँक म्हणजे नेमकं हेच. नवीन काही सांगणाऱ्या ओळी किती, ते मोजायचं. मी पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने तासभर जे शिकवलं, ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मग पेपरात का नाही लिहिलं? “रँक म्हणजे सीईटीत येतो तो नंबर वाटला. इथे त्याचं काय काम ते कळंना.” कोणाला विचारलंस का? “नाही. रूमवर एकटाच वाचतो.”

एकटाच वाचतो. मीही तेच करायचे. शाळेत बरोबरीने गणित सोडवणारं कोणी नव्हतं, घरी विचारायला कोणी नव्हतं, म्हणून एकटीने अभ्यास करायची सवय लागली आणि त्याच सवयीने पहिला नंबर आणला. मग कॉलेजात एम-वनला बॅक राहिला, तेव्हा मी आणखी एकटीने, आणखी रात्री जागून अभ्यास केला. शंका विचारली तर ‘ही इथली नाही’ हे सगळ्यांना कळेल, असं वाटायचं. शेजारच्या खोलीतल्या शहरातल्या मुली मात्र बिनधास्त एकमेकींना विचारायच्या, एकमेकींच्या चुका काढायच्या, भांडायच्या. मला वाटायचं, या टाइमपास करतात.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्रायझमन यांना हेच दिसलं होतं. तिथे कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत. प्राध्यापकांची कारणं तयार होती: जिद्द नाही, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, पाया कच्चा. ट्रायझमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो ते जवळून पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, सांगितलेलं सगळं करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं आधी स्वतः गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची तपासत. ट्रायझमन यांनी मग जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी ‘कच्च्या मुलांचा जादा तास’ काढला नाही. वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं दिली आणि गटात बसवलं. निकाल बदलला.

आपल्याकडे मात्र उपाय म्हटलं की रेमेडियल, म्हणजे तोच कच्च्या मुलांचा जादा तास. नोटीस बोर्डावर यादी लागते, आणि त्या यादीत नाव असलेलं पोरगं लाजेने तासालाच येत नाही. आलंच तर पुन्हा तेच सोपं, पुन्हा तीच सूत्रं. ज्याने जिल्हा परिषदेच्या शाळेतून इथवर मजल मारली, त्याला आपण सांगतो की तुझ्याकडून अवघड काही अपेक्षितच नाही. मला हे अपमानास्पद वाटतं.

भाषेचंही बोललं पाहिजे. दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विस्थापन. अकरावीला एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी. राज्याच्या सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्र मराठीतून देता येतं, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. आणि मराठी माध्यम म्हणजे आपोआप सोपं, असंही नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला आणि मुंबई महापालिकेच्या शाळांतून काम केलं, तेव्हा प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की पाठ्यपुस्तकातली बोजड मराठीच मुलांच्या आड येते; भाषा सोपी केली की त्यांना विज्ञान कळतं. ही चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी वर्गात मराठीत समजावते, फळ्यावर इंग्रजीत लिहिते, आणि पोरांना कोणत्याही भाषेत विचारू देते. यावरून मला बोलणी बसली आहेत. मी ते सोडणार नाही.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बरंच लिहिलं जातं. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली, हे खरोखर चांगलं झालं. पण खोली, मेस, एसटी आणि लॅपटॉप माफ झालेले नाहीत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून शिष्यवृत्तीचे पैसे येतात, पण मेसवाल्याला दर महिन्याच्या एक तारखेला हवे असतात. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअरच्या चकरा मारून मुलं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, शेवटच्या फेरीला येतात, तोवर कॉलेजची ओळख करून देणारा पहिल्या तीन आठवड्यांचा इंडक्शन संपलेला असतो आणि एक युनिटही झालेलं असतं. ओळखी झालेल्या असतात, गट पडलेले असतात. उशिरा आलेलं पोरगं पुन्हा एकटं.

म्हणून आम्ही तीन वर्षांपासून एक साधी गोष्ट करतो. बुधवारी रात्री जेवणं झाली की वसतिगृहाच्या मेसमध्ये टेबलं जोडतो. पाच-पाच जणांचा गट, त्यात शहरातली, गावची, उशिरा आलेली, सगळी मिसळून. विद्यापीठाच्या पेपरपेक्षा अवघड अशी चार गणितं देते. मी उत्तर सांगत नाही. पहिले दोन बुधवार भयाण शांतता असते. तिसऱ्या बुधवारी कोणीतरी म्हणतं, “हे चूक आहे,” आणि मग गोंगाट सुरू होतो. त्या गोंगाटाची मी वाट बघत असते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलंही येऊ लागलीत. त्यांना एम-वन, एम-टू न करता सरळ एम-थ्रीमधलं, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरातलं, लाप्लासचं प्रकरण अंगावर येतं, आणि त्यांच्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. उलट ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये तीच इतरांना शिकवतात.

सगळी पास झाली असं मी म्हणणार नाही. दोघं सोडून गेली, एक घरच्या कर्जामुळे, एक का गेली ते मला कळलंच नाही. तिला मी आधी फोन करायला हवा होता, हे मनातून जात नाही.

किनवटचा पोरगा यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. एम-वन निघाला. आता तो बुधवारी गटात बसतो आणि नवीन मुलांना रँक सांगतो, सीईटीच्या नंबरापासून सुरुवात करून.

माझ्या मित्रयादीत पुण्यात नोकरी करणारे खूप इंजिनिअर आहेत. तुमच्यापैकी अनेक जण दिवाळीला मुलांसाठी वह्या आणि दप्तरं पाठवता, त्याबद्दल मनापासून आभार. यंदा मला माणसं हवी आहेत. महिन्यातून एक बुधवार, रात्री साडेआठ ते साडेदहा. गणित विसरला असाल तरी चालेल, पोरांबरोबर बसून पुन्हा सोडवा. पहिल्या वर्षाला तुमचाही विषय राहिला असेल तर तेही त्यांना सांगा. मेसेज करा, सप्टेंबरचे चारही बुधवार अजून मोकळे आहेत.