काचबिंदूची गोळी

आज मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि चारचौघांत म्हणाला, "ताई, ही काचबिंदूची गोळी आहे. एवढ्या पोरीला कोण देतं?" मागच्या दोन बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी लेकराला विष घालायला निघालेय. घरी आले तरी हात थरथरत होते, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीला पिट-हॉपकिन्स सिंड्रोम आहे. अठराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड. ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी १९७८ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, जनुक सापडायला २००७ उजाडलं. ती बोलत नाही, हसते मात्र घरभर. आणि हसता हसता धापा टाकायला लागते, मग श्वासच थांबतो. झोपेत नाही, चांगली जागी असताना.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आयर्विन पुलावर पाणी बघायला गेलो होतो, अख्खी सांगली जाते तसे. कृष्णेचं तांबडं पाणी बघून पोर हरखली, टाळ्या पिटल्या, धाप लागली आणि छाती हलेचना. ओठ जांभळे. कुणीतरी ओरडलं, "फिट आलीय, कांदा हुंगवा!" मी नुसती आकडे मोजत होते. एकवीसला श्वास आला.

तेव्हा ही गोळी सुरू नव्हती. असिटाझोलामाइड. उंच डोंगर चढणारेही घेतात. रक्तातलं आम्ल थोडं वाढतं, मग श्वास घे म्हणून मेंदूला टोचणी राहते. मोठे अभ्यास नाहीत, मोजक्या मुलांचेच अनुभव आहेत, हे डॉक्टरांनीच सांगितलं. कुठून होणार मोठे अभ्यास? अशी मुलंच किती! या लेकरांना दुसऱ्याच्या आजाराचं औषध उसनं घ्यावं लागतं.

विचारणं मेडिकलवाल्याचं कामच आहे, मान्य. मूतखड्याची भीती असते, रक्त तपासत राहावं लागतं, ते आम्ही करतो. पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर होता ना? लावायचा फोन! आईला वेड्यात कशाला काढायचं?

दुर्मिळ आजारांसाठी सरकारचं २०२१ चं धोरण आहे, ५० लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईत केईएमला केंद्र आहे. त्या महागड्या औषधांपायी वणवण करणाऱ्या आया मला ठाऊक आहेत. माझी गोळी तर स्वस्तातली. त्या चतकोर तुकड्यासाठीही मी आज भांडले.

भांडतानाच पोरीला धाप लागली. तिथंच पायरीवर बसून मांडीवर घेतली, मोजायला लागले. पुलावर एकवीस झाले होते. आज सातला आला.

लिहिता लिहिता आठवलं, पाण्याचा पेला त्यानंच आणून दिला होता. गोळ्याही दिल्या. हळूच म्हणाला, "रोज होतं का ताई असं?" मी रागात उत्तरच दिलं नाही.

रोज होतं, दादा. आधी दिवसातून दहा-बारा वेळा व्हायचं, आता दोन-तीनदा. पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला येईन तेव्हा सांगते.